बर्गर विकायचाय? आधी थर्मामीटर घ्या!

बॅचमध्ये हमखास येणारा प्रश्न: "सर, पॅटी रंगावरून कळते की, थर्मामीटर कशाला?" माझं मत स्पष्ट आहे. रंगावर धंदा करू नका.

१९९३ साली अमेरिकेत 'जॅक इन द बॉक्स' या मोठ्या बर्गर चेनमध्ये काय झालं बघा. बीफच्या खिम्यात ई. कोलाय जंतू होते आणि पॅटी आतून पुरेशी शिजली नव्हती. ७०० हून अधिक लोक आजारी पडले, ४ मुलं गेली. खिमा सप्लायरकडून आला होता, पण नाव कुणाचं झालं? विकणाऱ्याचं!

कारण सोपं आहे. अख्ख्या तुकड्यावर जंतू बहुतेक बाहेरच असतात, ते तव्यावर मरतात. खिमा केला की तेच आत मिसळतात. पॅटी तर पूर्ण शिजायच्या आधीही तपकिरी दिसू शकते. म्हणून आकडा पाठ करा: मध्यभागी बीफला ७१ अंश सेल्सिअस, चिकनला ७४. आपल्यातले बहुतेक जण चिकनच विकणार, म्हणजे ७४.

"गर्दीत वेळ कुठे?" अहो, सगळ्या पॅटी एकाच जाडीच्या करा, वेळ ठरवून घ्या आणि प्रत्येक घाण्यातली सगळ्यात जाड पॅटी तपासा. प्रोब बाजूने मधोमध घालायचा. काही सेकंदांचं काम.

काहीशे रुपयांचं यंत्र आहे. बोर्ड नंतर रंगवा, हे आधी घ्या. गिऱ्हाईक आपल्या लेकराला तुमच्या भरवशावर खाऊ घालतं.