शनिवारी छाती का जड होते?

मागच्या हिवाळ्यात एका लग्नासाठी आम्ही धुळ्याला गेलो होतो. जुम्म्याची नमाज आटोपून आमचे एक दूरच्या नात्यातले चाचा भेटले. वय साठीच्या जवळ. गादी-रजईचे दुकान, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत कापूस पिंजायची मशीन. चाळीस वर्षे हीच रोजी. घराचा जिना चढताना ते दोनदा थांबले. आम्ही सवयीने म्हणालो, "चाचा, आता तरी विडी सोडा."

चाचा हसले. "विडी सोडून सहा वर्षं झाली, बेटा. आणि आज तर मी बरा आहे. उद्या या, मग बघा. शनिवारी दुपारनंतर छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं वाटतं. सोमवारपर्यंत जरा हलकं होतं."

घरच्यांनी याचा अर्थ आपल्या परीने लावला होता. शुक्रवारी जेवण जड होते, म्हणून शनिवारी गॅस होतो. दवाखान्यात पित्ताच्या गोळ्या मिळाल्या, खोकल्याचे औषध मिळाले, एकदा टीबीची तपासणी झाली, ती साफ निघाली. पण त्रास नेमका सुट्टीनंतरच्या दिवशीच का वाढतो, हे कुणी विचारले नाही. आम्हीही विचारले नव्हते. विडीला दोष देऊन मोकळे झालो होतो.

वाचकहो, कापसाच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या आजाराची ओळख पटवणारी सर्वांत जुनी खूण हीच आहे. या आजाराचे नाव बिसिनोसिस. युरोपातील गिरण्यांना रविवारी सुट्टी असे, म्हणून तिथले कामगार याला 'सोमवारचा ताप' म्हणत. आपल्याकडे जिथे माग आणि पिंजणीची मशीन जुम्म्याला बंद असतात, तिथे हा सोमवार शनिवारी येतो. "सोमवारी जास्त त्रास होतो का?" असे पुस्तकातले वाचून एखाद्या डॉक्टरांनी विचारले, तर आपला माणूस "नाही" म्हणेल. त्याचे उत्तर खरेच असेल, पण आजार नजरेतून निसटेल.

सुट्टीनंतरच का?

दोष शुद्ध रुईच्या तंतूचा फारसा नसतो. कापसाबरोबर बोंडाभोवतीची वाळलेली पाने, काड्या आणि माती येते. त्यावर जिवाणू वाढलेले असतात. त्यांच्या शरीरातून सुटणारा एंडोटॉक्सिन नावाचा विषारी अंश बारीक धुळीबरोबर श्वासात जातो. त्यामुळे श्वासनलिका आकसतात आणि आतून सुजतात. रोज धूळ खाणारे शरीर काही दिवस तिला सरावते. एक-दोन दिवस सुट्टी मिळाली की हा सराव मोडतो, आणि कामाच्या पहिल्या दिवशी काही तासांतच छाती आवळू लागते.

सुरुवातीला हा त्रास अधूनमधून, फक्त सुट्टीनंतरच्या दिवशी होतो. मग दर आठवड्याला त्या दिवशी होतो. पुढे आठवड्याचे इतर दिवसही त्यात येतात. शेवटी सुट्टी असो वा नसो, दम कायमचाच लागतो. १९५० च्या दशकात इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांत डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी कामगारांना दिवस विचारून विचारून या पायऱ्या ठरवल्या. पहिल्या पायऱ्यांवर धूळ थांबली तर फुफ्फुस बरेच सावरते. शेवटच्या पायरीवरून परतणे कठीण असते. म्हणून शनिवारची तक्रार लहान वाटली तरी ती ऐकायची ती तेव्हाच.

त्याच्याही अडीचशे वर्षे आधी, १७०० साली, इटलीचे वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी कामकऱ्यांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. अंबाडीसारखे तंतू विंचरणाऱ्यांचा खोकला त्यांनी नोंदवला होता. वैद्याने रोग्याला एक प्रश्न जरूर विचारावा, असे त्यांनी सांगितले: तुम्ही काम काय करता? आपल्या गर्दीच्या दवाखान्यांत हा प्रश्न आजही बऱ्याचदा राहून जातो.

जळगावातच झालेला अभ्यास

हे सारे परदेशातले, जुन्या काळातले, असे कुणी म्हणेल. तर जळगावकडे या. खान्देशाचे पांढरे सोने इथल्या जिनिंगमध्ये उतरते. दिवाळीच्या सुमारास हंगाम सुरू होतो आणि पुढचे काही महिने सरकी वेगळी करणे, रुई उचलणे, गाठी बांधणे चालते. कापूस ओढून मशीनपर्यंत नेणारे, पाला वेचणारे, झाडणारे हे हंगामी मजूर असतात, आणि त्यांत बाया पुष्कळ.

जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातील (आजचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) पर्यावरणशास्त्राच्या संशोधकांनी या जिनिंगमध्ये जाऊन मोजमाप केले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात जिनिंगमधील आवाज ८९ ते १०६ डेसिबल भरला. आपल्याकडच्या कारखाना नियमांत आठ तासांसाठी मर्यादा ९० डेसिबलची आहे. तपासलेल्या बहुतेक कामगारांची ऐकण्याची शक्ती उतरलेली आढळली. २०१३ साली त्यांचाच दुसरा अभ्यास आला, तो श्वासाचा. कापसाच्या धुळीत काम करणाऱ्यांची फुफ्फुसांची ताकद धुळीबाहेरच्या लोकांपेक्षा कमी भरली. म्हणजे आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर हे मोजले गेले आहे, छापले गेले आहे. ते ज्यांच्याबद्दल आहे त्या घरांपर्यंत मात्र फारसे पोहोचलेले नाही.

पिंजारी आणि विणकर

आता कापसाच्या वाटेने पुढे चला. जिनिंगमधून निघालेली रुई पिंजली जाते, तिचे सूत होते, सुताचे कापड. या वाटेवर सर्वांत जास्त धूळ कुठे उडते? गाठ फोडताना आणि पिंजताना. गिरण्यांतील आजवरच्या अभ्यासांत पिंजण खात्यातले कामगारच जास्त आजारी निघाले आहेत.

आपल्या मन्सुरी, पिंजारी बिरादरीच्या घरांनी इथे थांबून विचार करावा. पूर्वी खांद्यावर धुनकी घेऊन गल्लोगल्ली फिरणारा पिंजारी अंगणात, उघड्या हवेत काम करायचा. आज तेच काम दहा बाय दहाच्या बंद खोलीत मशीनवर होते. कापूस नवा नसतो. वीस वर्षांच्या जुन्या गादीचा, ओल खाल्लेला, बुरशी आणि धूळ भरलेला असतो. गिरणीत निदान मोठा पंखा तरी असे.

विणकरांच्या मागावर धूळ त्या मानाने कमी असते, आणि आजकाल सुतात पॉलिस्टरही मिसळलेले असते. पण कमी म्हणजे नाही असे नव्हे. सुताला लावलेली खळ वाळून उडते, मागाखाली पुंजके साचतात. धुळे-मालेगाव पट्ट्यात कित्येक घरांत खाली माग आणि वर संसार असतो. बाया घरात कांड्या भरतात आणि शेजारीच पाळणा असतो. शिवाय खडखडाट आहेच. तोही नव्वद डेसिबलच्या पुढे सहज जातो. आवाजाने गेलेले ऐकू येणे परत येत नाही. आधी बारीक आवाज जातात. लेकराचे बोलणे नीट कळत नाही, मोबाइलचा आवाज वाढवावा लागतो, आणि घरचे म्हणतात, "अब्बा लक्षच देत नाहीत."

धूळ कमी झाली की आजार कमी होतो

या आजाराबद्दलची चांगली बातमीही सांगायला हवी. अमेरिकेने १९७८ साली कापसाच्या धुळीवर मर्यादा घातली. सूत काढणाऱ्या खात्यात एका घनमीटर हवेत ०.२ मिलिग्रॅम, विणकामात ०.७५ मिलिग्रॅम. गिरणीमालकांनी विरोध केला, कोर्टात गेले, पण नियम टिकला आणि आजार झपाट्याने घटला. चीनमधील शांघाय शहरात १९८१ पासून पंचवीसहून अधिक वर्षे सुती गिरण्यांतील आणि रेशमी गिरण्यांतील कामगार ताडून पाहिले गेले. सुती कामगारांची फुफ्फुसे जास्त खालावली, धूम्रपान करणाऱ्यांची आणखी जास्त. पण धुळीतून बाहेर पडलेल्यांना काही प्रमाणात आराम मिळाला.

म्हणजे विडी निर्दोष नाही. धूळ आणि विडी एकत्र आल्या की नुकसान वाढते. पण विडी सोडली म्हणजे प्रश्न संपला, हे आमचे जे म्हणणे होते, ते चुकीचे होते.

घरात आणि कामावर काय करावे

पहिले, वही ठेवा. महिनाभर रोज दोन ओळी लिहा: आज काम होते की सुट्टी, आणि छाती कशी होती. काही शे रुपयांत पीक फ्लो मीटर नावाचे फुंकायचे साधन मिळते. कामाआधी आणि कामानंतर त्यात जोराने फुंकून आकडा लिहून ठेवा. कामानंतरचा आकडा वारंवार पडत असेल, तर ती वही डॉक्टरांसमोर ठेवा. शंभर शब्दांचे काम ती एक वही करते.

दुसरे, डॉक्टरांना आपणहून सांगा: "मी कापसात काम करतो, इतकी वर्षे झाली, आमची सुट्टी शुक्रवारी असते." दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी थुंकीची तपासणी करा. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते आणि टीबी वगळणे आवश्यकच आहे. ती साफ आली म्हणून घरी बसू नका. स्पायरोमेट्रीची, म्हणजे फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजायच्या तपासणीची विचारणा करा. धुळे आणि जळगाव दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या छातीच्या विभागात चौकशी करावी.

तिसरे, धूळ उडू देऊ नका. कोरडा झाडू आणि हवेचा फवारा यांनी धूळ पुन्हा हवेत जाते. ओल्या फडक्याने पुसा. मशीनच्या जवळ, धूळ बाहेर ओढणारा एक्झॉस्ट पंखा बसवा. तोंडाला बांधलेल्या रुमालाने पुंजके अडतात, बारीक धूळ अडत नाही. त्यासाठी एन-९५ प्रकारचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा. कानात कापसाचे बोळे घालण्यापेक्षा इअरप्लग वापरा. कामाचे कपडे बाहेरच झटकून वेगळे धुवा. मशीन चालू असताना लेकरे त्या खोलीत नकोत, आणि कांड्या भरायची जागा पाळण्यापासून दूर ठेवा.

चौथे, कागद सांभाळा. कापसाच्या धुळीचा हा आजार कायद्याने व्यवसायातून होणारा आजार मानला आहे आणि त्यासाठी भरपाईची तरतूद आहे. मुंबईच्या एका कापड गिरणीतील कामगारांत हा आजार आढळल्याचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला होता. पण हक्क मागायचा तर काम केल्याचा पुरावा लागतो. हजेरी, पगाराची चिठ्ठी, राज्य विमा योजनेचे कार्ड, जे असेल ते जपा. छोट्या कारखान्यात यांपैकी काहीच मिळत नाही, ही आपली खरी अडचण आहे. म्हणून निदान केसपेपरवर तरी डॉक्टरांकडून आपले काम लिहून घ्या.

एक प्रश्न रमजानचा. रोजा असताना इन्हेलर घ्यावा का, यावर उलेमांची मते वेगवेगळी आहेत. आपल्या आलिमांना जरूर विचारा. पण औषध आपल्या मनाने बंद करू नका. अनेक इन्हेलर दिवसातून दोनदाच घ्यायचे असतात, डॉक्टरांना विचारून त्यांची वेळ सहरी आणि इफ्तारला बसवता येते. आणि आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत दीनमध्येच दिलेली आहे. दम कोंडला असताना इन्हेलर दूर ठेवू नये.

चाचांचे काय झाले

आमच्या आग्रहाने चाचा तपासणीला गेले. फुंकायच्या तपासणीत फुफ्फुसांची ताकद बरीच कमी निघाली. इन्हेलर सुरू झाला, जिना आता ते एकदाच थांबून चढतात. डॉक्टरांनी सांगितले की गेलेले सगळे परत येणार नाही. पिंजणीच्या खोलीत जायला त्यांना सक्त मनाई आहे.

त्या खोलीत आता त्यांचा मुलगा बसतो. वय एकोणीस. मागच्या महिन्यात फोनवर चाचा म्हणाले, "भिंत फोडून पंखा बसवला. पोरगा मास्क लावायला लाजतो, पण लावतो. दर शनिवारी रात्री मी त्याला विचारतो, छाती कशी आहे?"

आपल्या घरात कुणी जिनिंगमध्ये, पिंजणीवर किंवा मागावर असेल, तर येत्या शनिवारी, किंवा जो तुमचा सुट्टीनंतरचा दिवस असेल त्या दिवशी, जेवायला बसण्यापूर्वी त्याला एवढेच विचारा. आणि तो जे सांगेल ते वहीत लिहा.