एक चित्रपट, अनेक मते

पंक्तीत वाढलेली आमटी सर्वांसाठी एकच असते; परंतु एकाला ती तिखट लागते, तर शेजारच्याला अळणी. चित्रपटाचेही तसेच आहे. पडद्यावरील चित्रे सर्वांसाठी सारखीच असली, तरी ती पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांची मते सारखी नसतात. त्यातून तो चित्रपट जर दोन निराळ्या प्रकारच्या कथांचे मिश्रण असेल, तर मतभेद अधिकच वाढतात. १९७४ साली प्रदर्शित झालेला 'द लेजंड ऑफ द सेव्हन गोल्डन व्हॅम्पायर्स' हा असाच एक चित्रपट होय.

व्हॅम्पायर म्हणजे कबरीतून उठून जिवंत माणसांचे रक्त पिणारे पिशाच. ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाच्या 'ड्रॅक्युला' या १८९७ सालच्या कादंबरीने ही कल्पना जगभर पोहोचविली. इंग्लंडमधील हॅमर ही चित्रसंस्था १९५८ पासून ड्रॅक्युलाच्या कथा पडद्यावर आणीत होती. इकडे हाँगकाँगमधील शॉ ब्रदर्स ही संस्था कुंग-फू या चिनी युद्धकलेच्या चित्रपटांसाठी नावाजलेली होती. ब्रूस ली याच्या १९७३ सालच्या 'एंटर द ड्रॅगन' या चित्रपटानंतर तर पाश्चात्त्य देशांत कुंग-फूचे वेडच पसरले. तेव्हा या दोन संस्थांनी हातमिळवणी केली आणि रॉय वॉर्ड बेकर यांच्या दिग्दर्शनाखाली हा चित्रपट हाँगकाँगमध्ये तयार झाला.

कथा १९०४ सालच्या चीनमध्ये घडते. पिशाचांचा अभ्यास करणारे प्राध्यापक व्हॅन हेलसिंग तेथे व्याख्यान देतात. विद्वानांचा त्यांच्यावर विश्वास बसत नाही. परंतु एक तरुण त्यांना येऊन भेटतो. सोनेरी मुखवटे घालणाऱ्या पिशाचांनी त्याच्या पूर्वजांच्या गावी अनर्थ मांडलेला असतो. मग तो तरुण, त्याचे सहा भाऊ व एक बहीण आपापली शस्त्रे घेऊन प्राध्यापकांसह त्या गावाकडे निघतात. प्राध्यापकांची भूमिका पीटर कुशिंग यांनी, तर त्या तरुणाची डेव्हिड चियांग यांनी केली आहे.

या चित्रपटाविषयी भयकथांचे चाहते बहुधा तक्रार करतात. अंधार, शांतता आणि हळूहळू वाढत जाणारी धास्ती त्यांना हवी असते. येथे धास्ती वाटू लागते न लागते, तोच हाणामारी सुरू होते. उलट, युद्धकलेच्या चाहत्यांना प्राध्यापकांची लांब भाषणे कंटाळवाणी वाटतात. तिसऱ्या प्रकारच्या प्रेक्षकांना मात्र ही सरमिसळच आवडते. युरोपातील पिशाच क्रुसाला भिते, तर चीनमधील पिशाच भगवान बुद्धांच्या मूर्तीला भिते, ही या चित्रपटातील कल्पना त्यांना मार्मिक वाटते. परदेशाची कथा आपल्या भूमीत रुजवायची, तर तिला तेथील श्रद्धेचे पाणी घालावे लागते, हे त्यांचे म्हणणे योग्यच आहे.

काही मतभेदांचे कारण तर आणखी निराळे आहे. अमेरिकेत हा चित्रपट १९७९ साली दुसऱ्याच नावाने दाखविण्यात आला. त्या वेळी त्यातील बराच भाग कापून टाकला होता आणि प्रसंगांचा क्रमही बदलला होता. तो पाहून कोणी कथा विस्कळीत असल्याचे म्हटले, तर त्याचा दोष मूळ चित्रपटाकडे कसा जाईल? मत देण्यापूर्वी आपण पूर्ण कृती पाहिली की तिचे तुकडे पाहिले, एवढे तरी तपासून घेतले पाहिजे.

मग या मिश्रणाला चांगले म्हणावे की वाईट? आपल्याकडील जुन्या नाट्यशास्त्राने वीररसाच्या मुळाशी उत्साह, तर भयानक रसाच्या मुळाशी भय सांगितले आहे. वीराचे सामर्थ्य पाहून प्रेक्षकाला उत्साह येतो. माणसाची असहायता पाहून भय वाटते. भाल्याच्या एका फेकीने पिशाच लोळू लागले, की त्याची भीती कोणाला वाटणार? या चित्रपटातील लढाया पाहण्याजोग्या आहेत, शेवटच्या लढाईत काही भावंडांना प्राणही गमवावे लागतात. तरीही भय मात्र ओसरत जाते, ते याच कारणाने. अर्थात, मिश्रण केले हा दोष नव्हे. दोन रसांचा मेळ पुरता बसला नाही, हा दोष होय.

तसा मेळ बसू शकतो, याचे उदाहरण हाँगकाँगनेच पुढे दिले. रिकी लाऊ यांचा 'मिस्टर व्हॅम्पायर' हा चित्रपट १९८५ साली आला. त्यातील पिशाच चिनी लोककथांतील आहे. ताठरलेले प्रेत असल्यामुळे ते चालत नाही, उड्या मारीत येते. त्याला ठोसे लगावून उपयोग नसतो. श्वास रोखून धरला, तर त्याला माणसाचा पत्ता लागत नाही. कपाळावर मंत्र लिहिलेला पिवळा कागद चिकटविला, तर ते जागच्या जागी थांबते. लाम चिंग-यिंग यांनी रंगविलेला ताओ पंथाचा गुरू बळाबरोबर विद्याही वापरतो. त्याचे शिष्य चुका करतात, तेव्हा प्रेक्षक हसतो आणि लगेच श्वासही रोखून धरतो. येथे केवळ बळ पुरे पडत नाही. म्हणूनच लढाई चालू असतानाही भय टिकून राहते.

यावरही सर्वांचे एकमत होईल असे नाही. कोणाला हास्यामुळे भय पातळ झाले असे वाटेल, तर कोणाला १९७४ च्या चित्रपटातील भव्यताच अधिक प्रिय वाटेल. तसे वाटण्यात काहीच गैर नाही. मात्र 'छान' किंवा 'टाकाऊ' एवढा एकच शब्द उच्चारून थांबणाऱ्या प्रेक्षकाशी कोणाला बोलताच येत नाही. कोणता प्रसंग आवडला, कोणता फसला आणि तो कशामुळे, हे सांगणारा प्रेक्षक दुसऱ्याला आपले मत तपासून पाहण्याची संधी देतो. अशा दोघांचे शेवटी एकमत झाले नाही, तरी तोच चित्रपट पुन्हा पाहताना दोघांनाही त्यात पूर्वी न दिसलेले काहीतरी दिसते.