दूध पुरतं, धीर पुरत नाही
सून कामावर निघाली की आपण सासवा विचारतो, "एवढंसं दूध पुरेल का गं?" मैत्रिणींनो, आधी हिशोब करा. एक ते सहा महिन्यांचं अंगावर पिणारं बाळ दिवसाला साधारण 750 मिली पितं. म्हणजे तासाला तीसेक. हात सैल सोडून 40 धरा. नऊ तासांना 360 मिली झालं! तेही 60-60 च्या बाटल्यांत ठेवा. उष्टं दूध दोन तासांनी टाकावंच लागतं, आणि ते तिनं रात्री जागून काढलेलं असतं. प्रत्येक रडणं भुकेचं नसतं; आधी कडेवर घ्या. बाळाचं वजन वाढतंय, लंगोट भिजताहेत, मग सुनेला बोल कशाला?