खड्ड्याचा हिशेब

कायद्याची भाषा हा साहित्याच्या अभ्यासकांचा विषय नव्हे, अशी एक सोयीस्कर समजूत आपल्या मराठी विभागांतून नांदते आहे. आम्हांस ती मान्य नाही. कवितेतल्या मातीवर प्रबंध लिहिणारे आपण, प्रत्यक्ष मातीचे भवितव्य ज्या शब्दांनी ठरते ते शब्द मात्र वाचत नाही. म्हणून जमिनीची हानी करणाऱ्यास दंड सांगणारी काही कलमे येथे आम्ही संहिता म्हणून वाचत आहोत.

शेतकऱ्याच्या मराठीत मातीला नावे आहेत : काळी, तांबडी, मुरमाड, बरड, चोपण, पोयटा. प्रत्येक नावात पाणी किती टिकेल, काय पिकेल, याचे पिढ्यांचे ज्ञान साठलेले आहे. कायद्याजवळ एकच नाव आहे, 'साधी माती'. बांध, रस्ते, लोहमार्ग आणि इमारती यांच्या कामात भरावासाठी किंवा सपाटीकरणासाठी वापरली जाणारी साधी माती केंद्र सरकारने ३ फेब्रुवारी २००० च्या अधिसूचनेने 'गौण खनिज' ठरवली. 'साधी' आणि 'गौण' ही दोन विशेषणे पुरेशी बोलकी आहेत. पण खरी मेख 'वापरली जाणारी' या शब्दांत आहे. माती कोठे पडणार यावरून ती ओळखली जाते. ती कोठून उचलली, हा प्रश्न या व्याख्येला पडतच नाही. पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये हेच स्पष्ट केले : खणलेल्या मातीचा प्रत्यक्ष उपयोग कोणता झाला, ते पाहूनच दायित्व ठरवावे लागेल. हा निर्णय शब्दांना धरून आहे. आमची तक्रार न्यायालयाविषयी नाही, त्याच्या हाती दिलेल्या शब्दांविषयी आहे.

आता दंड. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ (७) नुसार परवानगीवाचून गौण खनिज काढणाऱ्यास त्याच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. पाचपट ऐकायला जबर वाटते. पण कशाच्या पाचपट? उचललेल्या मालाच्या. शंभर घनफुटांचा एक ब्रास, असे ब्रास मोजायचे, भाव लावायचा आणि गुणाकार करायचा. मागे राहिलेला खड्डा, शेजाऱ्याचा ढासळलेला बांध, विहिरीचे उतरलेले पाणी, यांना त्या गुणाकारात जागा नाही. सुपीक थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. दंड मात्र मालाच्या बाजारभावावर बेततो. दुसरी कारवाई करण्यास हे कलम आडकाठी करीत नाही, हे खरे. परंतु स्वतः ते गिऱ्हाइकाच्या नजरेनेच जमिनीकडे पाहते.

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ ची दृष्टी अधिक व्यापक आहे. त्याच्या व्याख्येत हवा आणि पाण्याबरोबर जमीनही आहे. त्याच्या कलम १५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा होती. जनविश्वास अधिनियम, २०२३ ने ती बदलली. १ एप्रिल २०२४ पासून कैद गेली आणि दहा हजार ते पंधरा लाख रुपयांची शास्ती आली. मात्र ही शास्ती मुदतीत न भरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते! जमीन नासवणे तुरुंगाच्या योग्यतेचे नाही; थकबाकी आहे. संहितेचा अर्थ याहून उघड कसा असावा?

कोणी म्हणेल, जुनी कैद कागदावरच होती, खटले वर्षानुवर्षे रेंगाळत. त्यापेक्षा वसूल होणारी रक्कम बरी. या युक्तिवादात तथ्य आहे आणि कैद परत आणा एवढेच आमचे म्हणणे नाही. पण रकमेला कमाल मर्यादा घातली, की मोठ्या व्यवसायाला ती आधीच हिशेबात धरता येते. तेव्हा दंड हा दंड उरत नाही, खर्चाची एक बाब होतो.

योगायोग असा की दुसरेही एक कलम १५ आहे, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० चे. नुकसानभरपाईबरोबरच बिघडलेले पर्यावरण पूर्वस्थितीत आणण्याचा आदेश देण्याचा अधिकार ते देते. म्हणजे योग्य शब्द आपल्या कायद्याला ठाऊक आहे. तो तहसीलदाराच्या दंडाच्या आदेशात यावा, एवढीच आमची मागणी आहे : हिशेब ढिगाऱ्यापासून नको, खड्ड्यापासून सुरू व्हावा. तो बुजवणे, वर पुन्हा माती घालणे, शेजारचा बांध घालणे, याला जो खर्च येईल तो दंडाचा तळ असावा. मालाचे मोल त्यावर.

हे सांगणे वकिलांचे काम, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. एखाद्या विशेषणाने काय झाकले जाते, हे वर्गात शिकवणारे आपणच आहोत. 'साधी माती' या दोन शब्दांवर या सत्रात एखादा तास घ्यावा. विद्यार्थ्यांपैकी कुणाच्या तरी गावाशेजारी तो खड्डा असेलच.