भुतालाही शिस्त हवी

“काय वाचतेस गं?” असे आजीने विचारले, की मी पुस्तकाचे मुखपृष्ठ हाताने झाकत असे. आत नारायण धारप असायचे! खांडेकर वाचणारी मुलगी हुशार आणि धारप वाचणारी वाया गेलेली, हा आमच्या घरचा अलिखित नियम. वाचकहो, यंदापासून मी मुखपृष्ठ झाकणे सोडले आहे. त्याचीच ही कैफियत.

रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा म्हणजे दुय्यम साहित्य, असे आपण धरूनच चालतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. ‘झुंजार’च्या नादाने वाचायची गोडी लागलेले आजोबा आजही भेटतात, पण साहित्यचर्चेत ते नाव घ्या, लोक गालात हसतात. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा बक्षीसपात्र ठरली. लेखक, नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे साक्षात जयंत विष्णु नारळीकर! आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून टोपणनाव घेतले होते. पुढे २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. सत्तेचाळीस वर्षांनी का होईना, विज्ञानकथेला पंगतीत मानाचे पान मिळाले.

भयकथा मात्र अजून पंगतीबाहेरच आहे. छोट्या पडद्यावर तिला जागा मिळाली, नाही असे नाही. २०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली, तेव्हा कोकणातला तो वाडा आणि कानावर पडणारी मालवणी यांनी मला खिळवून ठेवले. पण भयकथेला शेवट लागतो आणि मालिकेला शेवट परवडत नाही! मग रोज दार करकरते, रोज कुणी किंचाळते आणि भीतीचीही सवय होऊन जाते.

याउलट राही बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) पाहा. हस्तरपुढे पिठाची बाहुली टाकायची, तो तिच्यात गुंतला की मोहरा ओढायच्या. नियम एवढाच. पुढचे सारे अनर्थ त्या नियमातून आणि माणसाच्या हावेतून घडतात. माझ्या मते चांगल्या भयकथेची हीच खूण. भुतालाही शिस्त हवी. ते वाटेल तेव्हा वाटेल ते करू लागले, की भीती संपते आणि कंटाळा सुरू होतो.

या चित्रपटामागे धारपांच्या कथेची प्रेरणा आहे, नाव पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आले आहे, गावे आपली, माणसे आपली. चित्रपट मात्र आला हिंदीत! २०२४ मध्ये तो पुन्हा लागला, तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त गर्दी झाली. माझे दुखणे इथेच आहे. जे आपण घरात झाकून ठेवतो, ते दुसऱ्याच्या अंगणात नांदते. मग तक्रार कुणाकडे करायची?

आमच्या ग्रंथालयात धारप शेवटच्या कपाटात, अगदी तळाच्या फळीवर आहेत. ग्रंथपालांना नम्र विनंती, त्यांना डोळ्यांसमोरच्या फळीवर आणावे. आजीची काळजी नसावी. परवा ती ‘समर्थां’ची एक कथा चष्मा लावून वाचताना सापडली. मुखपृष्ठ हाताने झाकलेले होते!

— एक रहस्यप्रेमी, द्वितीय वर्ष कला