सभासद की गिऱ्हाईक?

शाळेच्या क्रीडामहोत्सवात अडथळ्यांची शर्यत तुम्ही पाहिली असेल. कदाचित तिच्यात धावलाही असाल. हीच शर्यत कुत्र्यांनी धावावी, अशी कल्पना इंग्लंडमध्ये १९७७ साली निघाली. ‘क्रफ्ट्स’ नावाचे कुत्र्यांचे एक मोठे प्रदर्शन त्या काळी दरवर्षी लंडन शहरात भरत असे. (आता ते बर्मिंगहॅम येथे भरते.) प्रदर्शनाच्या मुख्य रिंगणात एक कार्यक्रम संपून दुसरा सुरू होईपर्यंत बराच वेळ रिकामा जाई. तेवढ्या वेळात प्रेक्षकांचे मन कशात रमवावे, हा प्रश्न समितीचे एक सभासद जॉन व्हार्ली यांच्यापुढे होता. घोड्यांच्या उड्यांच्या शर्यती त्यांच्या डोळ्यांपुढे होत्या. त्यांनी पीटर मीनवेल या श्वानशिक्षकाचे साहाय्य घेतले, आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये कुत्र्यांच्या दोन संघांनी ऑलिंपिया सभागृहात अडथळे ओलांडून दाखविले. लोकांना तो प्रकार अतिशय आवडला. दोनच वर्षांनी, १९८० साली, तेथील केनेल क्लब या संस्थेने त्याला खेळ म्हणून मान्यता दिली. इंग्रजीत या खेळाला ‘डॉग ॲजिलिटी’ म्हणतात. ॲजिलिटी म्हणजे चपळाई.

मधल्या वेळची करमणूक म्हणून जन्मलेला हा खेळ आता अनेक देशांत खेळला जातो. परंतु आज मला बोलावयाचे आहे ते खेळापेक्षा, ज्यांच्या आधारावर तो वाढला त्या लहान लहान मंडळांविषयी.

या खेळाचे शिक्षण देणारी मंडळे इंग्लंडमध्ये ठिकठिकाणी आहेत, आणि त्यांतील कितीतरी स्वयंसेवकांनी चालविलेली आहेत. एखाद्या शेतकऱ्याचे कुरण भाड्याने घ्यावयाचे, त्याच्या कोपऱ्यात पत्र्याची खोली उभारून तीत सामान ठेवावयाचे, आणि आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी तेथे जमावयाचे, असा त्यांचा रिवाज असतो. शिकविणारी माणसे दिवसा आपापले पोटापाण्याचे उद्योग करतात. कोणी कचेरीत लेखनिक असतो, कोणी रुग्णालयात परिचारिका असते, कोणी शाळेत शिक्षक असतो. मंडळाला अध्यक्ष असतो, चिटणीस असतो, खजिनदार असतो. वर्षातून एकदा सर्व सभासदांची सभा भरते आणि जमाखर्च वाचला जातो. यांपैकी कोणालाही वेतन नसते. सभासदांची वर्गणी जागेचे भाडे, सामानाची दुरुस्ती आणि विम्याचे हप्ते यांतच संपून जाते.

अशा मंडळात नवा सभासद येतो तेव्हा त्याचा कुत्रा शेपटी हलवीत असतो, आणि त्याची स्वतःची दृष्टी त्या रंगीबेरंगी अडथळ्यांवर खिळलेली असते. वर्गणी भरून झाली की त्याला सांगण्यात येते, “पुढच्या वेळी अर्धा तास लवकर या. सामान मांडायचे असते. आणि शेवटी आवरायलाही थांबा.” पुष्कळांना याचे नवल वाटते, काहींना तर रागही येतो. पैसे मोजले आम्ही, आणि फळ्याही आम्हीच वाहायच्या काय? वर्गणी म्हणजे वस्तूची किंमत, अशी त्यांची समजूत झालेली असते. माझ्या मते ही समजूत मुळातच चुकीची आहे. आणि ती जितकी पसरेल तितकी ही मंडळे दुबळी होतील.

ते सामान कसले असते, हे आधी पाहू. उड्या मारण्यासाठी दोन खांबांवर आडवी ठेवलेली दांडी असते. लांब बोगदा असतो. त्याच्या एका तोंडाने शिरलेला कुत्रा दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतो. ओळीने रोवलेल्या काठ्या असतात. त्यांतून कुत्र्याने सापासारखी वळणे घेत जावयाचे, आणि शिरताना पहिली काठी त्याच्या डाव्या खांद्याशी आलीच पाहिजे, असा नियम आहे. तुमच्या छातीइतक्या उंचीवर वीतभराहून थोडी रुंद अशी एक फळी असते. तिच्यावर चढावयास एक उतरती फळी व उतरावयास दुसरी. घराच्या छपरासारखा दोन्ही बाजूंनी उतरता असा एक उंच अडथळा असतो. शिवाय बागेत मुलांसाठी असतो तसला सी-सॉ असतो. कुत्रा त्याच्या मध्याच्या पलीकडे गेला की पुढचे टोक खाली येऊ लागते. ते भुईला टेकल्यावाचून त्याने उतरता कामा नये.

यातील प्रत्येक वस्तू मांडण्याची एक रीत आहे, आणि त्या रीतीला कारण आहे. खांबावरची दांडी मुद्दाम सैल ठेवतात. कुत्र्याचा पाय लागताच ती खाली पडली पाहिजे. ती घट्ट बसविली तर कुत्रा तिच्यावर आपटून जखमी होईल. बोगद्याला दोन्ही अंगांनी वाळूच्या पिशव्यांचा आधार द्यावा लागतो, नाहीतर आत वेगाने धावणाऱ्या कुत्र्याच्या भाराने तो लोळू लागतो. उतरणीच्या फळीचा खालचा भाग निराळ्या रंगाने रंगविलेला असतो; उतरताना कुत्र्याचा पंजा त्या रंगावर पडला नाही तर ५ दोष धरतात. हा नियम काही उगीच केलेला नाही. घाईच्या भरात कुत्र्याने वरूनच उडी टाकली तर त्याचे खांदे दुखावतात, आणि त्याला ते बोलून दाखविता येत नाही.

ज्याने दांडी आपल्या हाताने ठेवली आहे, त्याला ती का पडते हे कळते. ज्याने दोन उड्यांमधील अंतर पावलांनी मोजले आहे, त्याला हेही उमगते की वेगाने येणाऱ्या कुत्र्याला पाय टेकून पुन्हा उसळी घ्यावयास इतकी जागा हवीच. जो आपली पाळी येण्याची वाट पाहत बाकावर बसून राहतो, त्याला यातले काहीच दिसत नाही. त्याला दिसते ते आपल्या कुत्र्याचे चुकणे. आपल्याकडील तालमीत मल्ल कुस्तीला उतरण्यापूर्वी हौद्यातील माती स्वतः खणतात. त्या खणण्याला कोणी मजुरी म्हणत नाही. त्याने मल्लांचे खांदे घटतात, आणि आपण पडलो तर कशावर पडणार आहोत हेही त्यांना ठाऊक होते.

यावर कोणी म्हणेल, की स्वयंसेवक हा काही जातिवंत शिक्षक असतोच असे नाही. पैसे घेऊन शिकविणारा तज्ज्ञ वेळेवर येतो, विचारल्या प्रश्नाचे उत्तर देणे त्याला भाग असते. मंडळात मात्र कधी शिक्षक येत नाहीत, कधी पाऊस पडतो, कधी चार जुन्या सभासदांचेच तेथे राज्य असते. हे आक्षेप खरे आहेत, आणि ते झाकून ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही. मोबदला घेऊन उत्तम शिकविणारी माणसे या खेळात पुष्कळ आहेत. ज्याला केवळ आपला कुत्रा तयार करावयाचा असेल, त्याने खुशाल त्यांच्याकडे जावे.

परंतु तयार झालेला तो कुत्रा धावणार कोठे? एका स्पर्धेच्या रिंगणाकडे नीट पाहा. मधोमध परीक्षक उभा असतो. त्याच्या हाताची खूण पाहून दोष टिपणारा एक जण असतो. वेळ नोंदणारा एक, पडलेल्या दांड्या उचलून ठेवणारा एक, पुढच्या स्पर्धकाला हाक मारणारा एक. आणखी एक माणूस असतो, ज्याच्याकडे प्रेक्षकांचे लक्षही जात नाही. कुत्रा धावण्यापूर्वी त्याचा पट्टा सोडून ठेवतात. तो उचलून शेवटच्या ठिकाणी नेऊन ठेवणे एवढेच त्याचे काम. तो नसेल तर धाव संपल्यावर कुत्र्याला आवरणार कशाने? धावणे अर्ध्या-पाऊण मिनिटाचे असते. एका धावेमागे इतकी माणसे दिवसभर उन्हात किंवा पावसात उभी असतात. त्यांतील बहुतेक स्वतःच स्पर्धक असतात, आणि आपली पाळी संपवून येथे येऊन उभे राहतात. सर्वांनीच गिऱ्हाईक व्हावयाचे ठरविले तर त्या रिंगणात उरेल कोण?

आणि या खेळात आणखी एक जण विनावेतन राबत असतो, तो म्हणजे कुत्रा. त्याचा विचार केल्यावाचून या मंडळांचे मर्म कळावयाचे नाही. स्पर्धेत धावताना त्याला साखळी नसते. मालकाने त्याला स्पर्श करावयाचा नाही. खाऊ किंवा खेळणे हातात ठेवावयाचे नाही. केवळ आवाज, हाताची खूण, आणि त्याहूनही अधिक म्हणजे मालकाची पावले व खांदे कोणत्या दिशेला वळले आहेत, एवढ्यावर कुत्रा वाट ओळखतो. वीस अडथळ्यांची ती वाट दर वेळी नवी आखलेली असते. माणसाला ती आधी पायी फिरून पाठ करता येते. कुत्रा मात्र तिच्यावर प्रथमच येतो. कुत्रा चुकीच्या बोगद्यात शिरला तर बहुधा असे आढळते की मालकाचा खांदा त्याच बाजूला वळला होता.

असे धावणे सक्तीने करवून घेता येत नाही. साखळी ओढून सी-सॉवर चढविलेला कुत्रा त्या फळीला इतका भितो की पुढे कित्येक महिने तो तिच्याजवळ फिरकत नाही. म्हणून फळी प्रथम भुईलगत ठेवतात, एकेका पावलाला खाऊ देतात, चुकले तर काहीच देत नाहीत, आणि कुत्रा आपल्या खुशीने पुढे येईपर्यंत थांबतात. सभासदाला एक सोय आहे: मंडळ आवडले नाही तर तो राजीनामा लिहून देऊ शकतो. कुत्र्याला ती सोय नाही. शेपटी पोटाशी घेणे, वारंवार जांभया देणे, ओठ चाटणे, तोंड दुसरीकडे वळविणे, ही त्याची नाराजीची भाषा आहे. काही कुत्र्यांना हा खेळ आवडतच नाही. जातीचा येथे प्रश्न नाही. उंचीप्रमाणे गट पाडलेले असतात. बॉर्डर कॉली जातीचे कुत्रे पुष्कळदा पुढे असतात खरे, पण ठेंगणे आणि मिश्र जातीचे कुत्रेही आनंदाने धावतात. मात्र ज्याचे मन त्यात नाही त्याला घरी नेऊन नुसते फिरावयास न्यावे, हे जे मंडळ नव्या सभासदाला स्पष्ट सांगत नाही, त्याला मी चांगले मंडळ म्हणणार नाही, मग त्याच्या कपाटात कितीही करंडक असोत.

तेव्हा अशा मंडळात जावयाचे असेल त्याने पहिल्या दिवशी कुत्रा घरीच ठेवावा आणि एकट्याने जाऊन पाहावे. कुत्रा चुकला म्हणजे मालक त्याच्यावर ओरडतो की स्वतःची पावले तपासतो? अंधार पडू लागला म्हणजे फळ्या कोण उचलतो: नेहमीचे तिघे-चौघे, की सगळे? माहितीपत्रकात यांची उत्तरे छापलेली नसतात.

लहान मुलांना येथे काही काम नाही, असे मात्र समजू नये. केनेल क्लबच्या नियमाप्रमाणे कुत्रा अठरा महिन्यांचा झाल्यावाचून स्पर्धेत उतरू शकत नाही, कारण त्याची हाडे व सांधे तोपर्यंत पुरते पक्के झालेले नसतात. चार महिन्यांचे पिल्लू पाळणाऱ्या मुलीला म्हणजे चौदा महिने थांबावे लागणार. पिल्लाला बसावयास, थांबावयास, हाकेसरशी यावयास ती घरी शिकवील. आणि मंडळाच्या संध्याकाळी ती उडीच्या खांबांजवळ उभी राहील, दुसऱ्याच्या कुत्र्याने पाडलेली दांडी उचलील, बेताने सैलच ठेवील, आणि पुढचा कुत्रा येण्याच्या आत बाजूला होईल.