जुन्या तारांत चांदी नव्हे, कल्हई

जुना वाडा उतरवताना लाकडी पट्टीखालून निघालेली रबरी वायर सोलली, की आत पांढरी चकाकणारी तार दिसते. ‘पूर्वीच्या वायरिंगमध्ये चांदी असायची’ हा सोलापुरातही ऐकू येणारा समज बहुधा या चकाकीतूनच आला असावा. प्रत्यक्षात ती तांब्याची तार असते आणि वर कथलाचा पातळ थर असतो. रबर टिकाऊ व्हावे म्हणून त्यात गंधक मिसळत. उघड्या तांब्याला गंधक लागले की तांबे काळे पडते, खराब होते आणि रबरही चिकट होऊन जाते. म्हणून तारेला, पितळी पातेल्याला करतात तशी, कल्हई केलेली असे. पुढे पीव्हीसीचे आवरण आले, गंधकाचा प्रश्न मिटला आणि आतली तार लाल दिसू लागली. जुनी तार पांढरी आणि नवी लाल म्हणून जुनीत काहीतरी मौल्यवान होते, हा तर्क सरळ वाटतो खरा, पण चुकीचा आहे.

खात्री करणे अवघड नाही. कानशीने तार जरा घासली की खालून तांब्याचा लाल रंग दिसतो. अस्सल चांदीची तार आतपर्यंत पांढरीच असते. वरचा थर चांदीचा आहे की कथलाचा, हे सोल्डरिंगच्या तापल्या लोखंडाने कळते. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते, चांदीला 961 अंश लागतात.

तारायंत्राच्या लायनीही चांदीच्या होत्या, हा समज तर आणखी दूरचा. भारतात तारायंत्र आणणारे ओशॉनेसी यांनी 1851 मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही लाइन टाकली ती लोखंडी सळीची. माकडे लोंबकळली, वादळ आले तरी तुटू नये, ही तेव्हाची खरी अडचण होती. पुढे जस्त चढवलेली लोखंडी तार सर्रास वापरात आली. लोखंडाचा विद्युतरोध तांब्याच्या जवळजवळ सहापट, तरी संदेशाच्या अल्प प्रवाहाला ते पुरे पडे. रेल्वे 1860 मध्ये सोलापूरला पोहोचली त्या काळात मैलोन् मैल उघड्यावर चांदी टांगून ठेवणारे सरकार कुठले असणार?

चांदी विजेची सर्वोत्तम वाहक आहे, हे शाळेत शिकवतात ते बरोबरच. पण तांब्याहून ती जेमतेम सहा टक्क्यांनी सरस. चार चौरस मिलिमीटर छेदाच्या एक किलोमीटर तारेला सुमारे 36 किलो तांबे लागते. तेवढाच रोध ठेवून चांदीची तार केली तर ती थोडी बारीक होईल, पण चांदी जड असल्याने सुमारे 40 किलो भरेल. ब्रिटिश अमलातल्या चांदीच्या रुपयात साधारण 10.7 ग्रॅम शुद्ध चांदी असे. म्हणजे एका किलोमीटरसाठी साडेतीन हजारांहून अधिक रुपये वितळवावे लागले असते. तांब्याची तार किंचित जाड घेतली की काम भागत असताना हा व्यवहार कोणी केला नाही, यात नवल नाही.

अपवाद एक आहे, आणि तो प्रचंड आहे. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई असताना अमेरिकेने ओक रिज येथे युरेनियम वेगळे करणाऱ्या यंत्रांच्या विद्युतचुंबकांसाठी सरकारी खजिन्यातून तेरा हजार टनांहून अधिक चांदी उसनी घेतली. तीही परत करायची होती. शेवटचा हिस्सा 1970 मध्ये खजिन्यात परत गेला.

विजेच्या सामानात चांदी असते ती तारेत नव्हे, पॉइंटांत. रिले आणि यंत्रमागाच्या मोटारीचा कॉन्टॅक्टर यांच्या उघडझाप करणाऱ्या टोकांवर चांदीची किंवा तिच्या मिश्रधातूची टिकली असते. तांब्यावर ऑक्साइड चढून प्रवाह अडतो, चांदीवर तसा अडथळा फारसा होत नाही. मोठा प्रवाह तोडणाऱ्या एचआरसी फ्यूजमध्येही पुष्कळदा चांदीची पट्टी सापडते. हा सगळा हिशेब मात्र ग्रॅमचा.

त्या ग्रॅमभर चांदीसाठी टिकल्या घरच्या मुशीत वितळवणे धोक्याचे आहे. अनेक जुन्या टिकल्यांत कॅडमियम ऑक्साइड मिसळलेले असते आणि त्याची वाफ फुप्फुसांना घातक ठरते. वायर जाळून तार मोकळी करणेही तसेच घातक. पीव्हीसीच्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. जुनी वायर तांब्याच्या भावाने, न जाळता विकावी, आणि घेणाऱ्यानेही ‘चांदीची तार’ म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर आधी कानस मागवावी.

— एक वाचक, सोलापूर